वरचा सी, चार मात्रा

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आमच्या मुलुंडच्या घरी पंधरा हजार रुपयांचा एक व्यवहार तोंडी ठरला. हजर होते ते असे: माझे वडील, वय पंच्याऐंशी; मी; माझी बायको; बोरिवलीला पियानोच्या शिकवण्या घेणाऱ्या आणि सतरा हौशी वादकांचा जॅझचा बिग बँड चालवणाऱ्या एक बाई; आणि घाटकोपरचे एक निवृत्त मरीन इंजिनिअर, ज्यांच्या दोन खोल्या जुन्या तबकड्यांनी भरलेल्या आहेत. पंधरा हजारांत बाबांनी तीन गोष्टी करायच्या होत्या. एका तालमीला येऊन हॉटेलातले बँड त्या काळी कसे वाजवत ते सांगायचं, आपलं नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापू द्यायचं आणि डिसेंबरातल्या कार्यक्रमात रंगमंचावर बसायचं.

हे कशासाठी, ते सांगतो. साठीच्या दशकात बाबा मुंबईतल्या एका बड्या हॉटेलच्या डान्स बँडमध्ये तिसरा ट्रम्पेट वाजवत. आजोबा परळला गिरणीत होते. गिरणीच्या बँडमध्ये बाबा वाजवायला शिकले आणि तिथून कोणाच्या तरी ओळखीने हॉटेलात गेले. त्या बँडची एकच तबकडी निघाली. तिच्यावर एक फॉक्सट्रॉट, म्हणजे जोडीच्या नाचाची चाल, आहे आणि त्याच्या मध्यावर बत्तीस बारांचा ट्रम्पेटचा सोलो; एक बार म्हणजे चार मात्रा. तबकडीवर नाव फक्त बँडमास्तरचं. त्यामुळे ज्यांना अशा गोष्टींचा नाद आहे ते सगळे हा सोलो बँडमास्तरचाच धरून चालले होते. मग बोरिवलीच्या बाईंना त्या बँडच्या ड्रमरची मुलगी भेटली. तिने सांगितलं, ट्रम्पेट वाजवणारा परळचा एक मराठी मुलगा होता. शोधत शोधत बाई आमच्या दारात आल्या.

मला स्वतःला जॅझ कळत नाही. मी एका औषध कंपनीत कॉस्टिंग बघतो आणि सोसायटीचा खजिनदार आहे. पण बाबांचं नाव आजवर कुठेही छापून आलेलं नाही, हे मला माहीत होतं. माझ्या जन्माच्या वेळी ते गिरणीत टाइमकीपर होते आणि टाइमकीपर म्हणूनच रिटायर झाले. गिरणी बंद पडल्यावर मिळालेले कागद सोडले तर त्यांचं नाव कागदावर यायचा प्रसंगच नव्हता. म्हणून बाईंनी पत्रिकेचा विषय काढला तेव्हा बाबांच्या आधी मी हो म्हणालो.

घाटकोपरच्या साहेबांनी लॅपटॉपवर तबकडी ऐकवली. लगेच पहिला वाद निघाला. त्यांचं म्हणणं, चाल बी-फ्लॅट आणि बी या दोन सुरांच्या मधोमध कुठेतरी पडते, म्हणजे नक्की कशात वाजवायची?

"मशीन हळू फिरत असणार रेकॉर्डिंगच्या वेळी," बाई म्हणाल्या. "मग घरी नीट वेगात लावली की सूर चढतो."

"किती हळू? माझ्याकडे पुरावा पाहिजे."

इथे मी मध्ये पडलो. एका अर्ध्या सुराला वेगात साधारण सहा टक्के फरक पडतो असं साहेबांनीच सांगितलं होतं. तबकडी त्याच्या निम्मी चढली आहे, म्हणजे तीन टक्के. तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची; त्याचे तीन टक्के सव्वादोनच्या वर. तेव्हा ती जवळजवळ पावणेशहात्तर फेऱ्यांवर लावली तर बी-फ्लॅट येईल. साहेब खूश झाले. बाबा पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होते.

"एवढं गणित कित्याक?" ते आपल्या मालवणीत म्हणाले. "बी-फ्लॅटच होतं. मी तिथे होतंय ना!"

हा वाद हसण्यावारी गेला. त्यानंतर सोलो सुरू झाला आणि बाविसाव्या बाराला साहेबांनी बोट वर केलं.

त्या ठिकाणी ट्रम्पेट वर चढतो, वरच्या सुराला लागतो न लागतो तोच सूर चिरल्यासारखा होतो, घसरत खाली येतो आणि खालून एक छोटीशी गिरकी घेऊन पुन्हा वाटेला लागतो. साहेबांनी तेवढाच तुकडा चार वेळा लावला.

"काय जागा घेतलीत काका! सगळं त्या काळचं वाजवणं या एका जागेत आहे. मी यावर लिहिलंय. परदेशातल्या दोघांनी त्यावर मला पत्रं पाठवली. आमचा बँड ही जागा जशीच्या तशी वाजवणार. एक कण इकडचा तिकडे नाही."

बाबांनी खिडकीकडे बघितलं. बाईंनी विचारलं, "काका, बरोबर ना?" ते म्हणाले, "चहा घ्या."

पाहुणे गेल्यावर बायको बशा उचलत होती. बाबा खुर्चीतून उठले नव्हते.

"ती जागा नाय," ते म्हणाले. "सूर फुटलो माझो."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी पहिल्या ट्रम्पेटवाल्याचा ओठ फाटला होता. बँडमास्तरने दुसऱ्याला सोडून तिसऱ्याला, म्हणजे बाबांना, सोलोला उभं केलं. कागदावर बाविसाव्या बाराला वरचा सी होता, चार मात्रा धरलेला. त्याखाली सॅक्सोफोन उत्तर देणार. पहिले दोन टेक दुसऱ्याच कोणाच्या चुकीने गेले. तिसऱ्याला बाबांचा सी फुटला. ते खाली घसरले आणि हाताला येईल ते वाजवून वाटेला लागले. स्टुडिओची वेळ संपली होती. बँडमास्तर म्हणाला, चालेल. बाबा एवढ्यावर समाधानी झाले असते, पण त्यानंतर त्या बँडमध्ये त्यांना एकही सोलो मिळाला नाही. सात-आठ महिन्यांनी खुर्चीही गेली. आजोबांनी गिरणीच्या साहेबाला सांगून तिथे चिकटवलं.

"हॉटेल सोडलं ते माझ्यासाठी, घरासाठी, असं आई सांगायची," मी म्हटलं.

"तुझी आई चांगली होती."

त्यांचं मागणं एकच होतं. सोलो वाजवायचा तर कागदावर होता तसा. वरचा सी, चार मात्रा. फुटलेला सूर लोकांसमोर पुन्हा वाजवायचा नाही.

मी त्यांच्या विरुद्ध होतो, आणि ते मी लपवलं नाही. माझं म्हणणं साधं होतं. जे घडलं ते घडलं. सोसायटीत एखादं व्हाउचर चुकीचं असेल तर मी त्यावर खोडत नाही, खाली दुसरी नोंद करतो. तबकडी ही नोंद आहे. लोकांना जे आवडलं ते तेच आहे. आणि त्यावर बाबांचं नाव येतंय, हे कमी आहे का?

"तुका काय कळता?" बाबा म्हणाले आणि आत गेले.

बायकोने नंतर मला वेगळं गाठलं. "बारावीत गणितात नापास झालास ती मार्कलिस्ट आहे अजून कपाटात. फ्रेम करून लावते हॉलमध्ये. खरीच आहे ना ती पण? येणारा जाणारा बघेल, काय जागा घेतली म्हणेल."

"तू चहाचे कप घास," मी म्हटलं.

"तूच घास."

ऑक्टोबरात अंधेरीला एका शाळेच्या सभागृहात तालीम होती. पंखे वर गरगरत होते, पण खाली वारा येत नव्हता. सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून आलेले लोक. एक दातांचा डॉक्टर, दोघं शिक्षक, एक विमा एजंट. एकटा ट्रम्पेटवाला व्यवसायाने वादक होता. वाकोल्याचा, चाळिशीतला, लग्नाच्या हंगामात ब्रास बँड घेऊन फिरणारा. त्याने बाबांच्या पाया पडून "मास्तर, बसा" म्हणत स्वतःची खुर्ची दिली. आपल्याला कोणी मास्तर म्हणेल हे बाबांच्या ध्यानीमनी नसावं. ते बराच वेळ खुर्चीच्या कडेवरच बसून राहिले.

तासभर सगळं छान चाललं. बाबांनी सॅक्सोफोनवाल्यांना सांगितलं, नाचणाऱ्यांचे पाय बघत वाजवायचं, कागद बघत नाही. ट्रॉम्बोनवाल्यांना जरा हळू करायला लावलं. विमा एजंटाला म्हणाले, "तुम्ही हप्ता मागितल्यासारखं वाजवताय." सगळे हसले. साहेब कोपऱ्यात बसून टिपून घेत होते.

मग फॉक्सट्रॉट सुरू झाला. ट्रम्पेटवाला उभा राहिला. बाविसावा बार आला आणि त्याने तो हुबेहूब वाजवला: वर गेला, सूर चिरला, घसरला, गिरकी. त्या माणसाने किती मेहनत घेतली होती ते मला नंतर समजलं. धड वाजवणाऱ्याला सूर ठरवून फोडणं फार अवघड असतं.

"थांबवा!" बाबा उभे राहिले होते. "बंद करा ते."

बँड एका झटक्यात थांबला नाही. दोन-तीन वाद्यं पुढे गेली आणि मग गप्प झाली.

"ते वाजवायचं नाही. वरचा सी आहे तिथे. धरून ठेवा. चार मात्रा."

ट्रम्पेटवाल्याने बाईंकडे बघितलं, बाईंनी साहेबांकडे.

"काका," साहेब उभे राहिले. आवाज शांत होता, पण मान ताठ झाली होती. "आम्ही तबकडी वाजवतोय. तबकडीवर सी नाही."

"कागदावर होता."

"कागद कुठाय?"

"कागद हॉटेलात राहिला. मी वाजवलंय, मला माहीत आहे."

"तुम्ही वाजवलंत ते तबकडीवर आहे. तुम्ही वाजवणार होतात ते कुठेच नाही. मी आयुष्यभर लोकांशी यावरून भांडलोय. लोक जुन्या गोष्टी नीटनेटक्या करून वाजवतात, चुका पुसतात, आणि मग म्हणतात हे त्या काळचं. ते त्या काळचं नसतं, ते ह्यांच्या सोयीचं असतं."

खरं सांगतो, त्यांचा शब्द न शब्द मला पटत होता. मी बाबांच्या खुर्चीमागे उभा होतो, पण साहेबांच्या बाजूने.

बाई म्हणाल्या, "एकदा तसं वाजवून तर बघू. ऐकायला काय जातं?"

बाबांनी सॅक्सोफोनवाल्यांना त्यांचं उत्तर गाऊन दाखवलं. आवाज कापत होता, पण सूर बरोबर असणार, कारण त्यांनी ते लगेच उचललं. पुन्हा सोळाव्या बारापासून सुरू केलं. ट्रम्पेट चढत गेला, वरच्या सीवर पोचला आणि तिथे राहिला. एक, दोन, तीन, चार. खालून सॅक्सोफोन आले. मग पुढचा तुकडा, शेवट.

सगळं बरोबर होतं. कुठे खटकलं नाही. एवढंच. मला जॅझ कळत नसलं तरी एवढं समजलं की आधी ऐकलं ते मला आठवेल आणि हे आठवणार नाही.

बाबा म्हणाले, "हेच. हेच लिहिलेलं."

साहेबांना राहवेना म्हणून ते बोलले. "पण काका, हे तर कोणीही वाजवेल."

"तेच तर सांगतोय," बाबा म्हणाले. "कोणीही वाजवलं असतं. मी सोडून."

ट्रम्पेटवाला खाली बसला आणि वाद्यातलं पाणी काढू लागला. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होता. साहेबांनी वहीचं पान उलटलं, पण लिहिलं काही नाही.

अडचण अशी होती की डिसेंबरच्या कार्यक्रमाच्या सभागृहाचं भाडं साहेब स्वतः भरणार होते, आणि तबकडी जशीच्या तशी वाजवली जाईल या अटीवर. सोमवारी पैसे द्यायचे होते. बाईंचा चेहरा उतरला. मी सुचवलं की दोन्ही वाजवा. आधी तबकडीवरचं, मग कागदावरचं, मध्ये दोन वाक्यं सांगा.

"एका नवऱ्याचं दोनदा लग्न लावतात काय रे?" बाबा म्हणाले.

साहेबांनाही ते नको होतं. म्हणाले, "ही प्रयोगशाळा नाही." एवढ्या वेळात दोघांचं एकमत झालं ते माझ्या विरुद्ध.

शेवटी बाईंनी ट्रम्पेटवाल्यालाच विचारलं, तुला काय वाटतं.

"मॅडम, आमच्यात सोपं असतं. ज्याच्या नावाची वरात, त्याची फर्माईश. पत्रिकेवर मास्तरांचं नाव असेल तर मास्तर सांगतील ते मी वाजवणार. दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही."

बाबा त्याच्याकडे बघून हसले. त्या दिवसातलं ते पहिलं हसू. मला वाटलं, मिटलं.

पण साहेबांनी मान हलवली. "नाही. उलटं आहे. काका, रागावू नका. तुमचं नाव आणि हा सी शेजारी-शेजारी छापला तर वाचणारा काय समजेल? की तुम्ही हे वाजवलं. तुम्ही हे वाजवलेलं नाही. ते खोटं होईल. तबकडीवरचं वाजवा, तुमचं नाव मी मोठ्या अक्षरात छापतो. पण या सुराखाली तुमचं नाव मला छापता येणार नाही."

हिशेबात चूक काढता आली नाही की जसं होतं तसं माझं झालं होतं. साहेबांच्या जागी मी असतो तर अशा कागदावर मीही सही केली नसती.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "नाव काढा."

"बाबा!"

"काढा म्हणतंय ना. सी ठेवा, नाव काढा."

"अहो, नावासाठीच तर आपण आलो—"

"तू इलंस नावासाठी. माका खंय व्हया होता?" मग बाईंकडे वळून ते नीट, सावकाश म्हणाले, "'मूळ लिखाणाप्रमाणे' एवढं छापा. कोणाचंच नाव नको. ते खरं आहे की नाही, साहेब?"

साहेबांनी वही मिटली. "खरं आहे," ते म्हणाले. "त्याला माझी हरकत नाही." भाडं ते भरणार होते.

परत येताना गाडीत, पवईजवळ मी म्हटलं, साठ वर्षांनी एकदा छापून येणार होतं, तेही तुम्ही खोडलंत. बाबांनी काच खाली केली आणि म्हणाले, एसीने घसा धरतो. मुलुंड चेकनाक्याला सिग्नलवर मी बघितलं तर उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलत होती. ट्रम्पेटच्या कळा दाबल्यासारखी.

डिसेंबरात कार्यक्रम झाला. पत्रिका माझ्याकडे आहे. फॉक्सट्रॉटच्या पुढे 'मूळ लिखाणाप्रमाणे' असं बारीक अक्षरात आहे. ज्या दुसऱ्या गाण्यांच्या वादकांची माहिती मिळाली होती त्यांची नावं तिथे आहेत. नाव नाही म्हणजे रंगमंचावर बसण्याचंही कारण उरलं नव्हतं, तेव्हा बाबा चौथ्या रांगेत माझ्या आणि माझ्या बायकोच्या मध्ये बसले. इस्त्रीचा सदरा होता. दाढी दोनदा केली होती.

फॉक्सट्रॉट सहावा होता. ट्रम्पेटवाला उभा राहिला तेव्हा मी बार मोजायला लागलो, पण अठराव्याला मोजणं सोडून बाबांकडे बघायला लागलो. त्यांचे ओठ दातांवर घट्ट आवळलेले होते, कोपऱ्यांत खळ्या पडल्या होत्या. ट्रम्पेट वर गेला. सी लागला. त्यांनी श्वास धरला होता. सूर जिथवर टिकला तिथवर ते तसेच होते, आणि सॅक्सोफोनचं उत्तर संपून सूर सुटला तसे त्यांचे ओठ सुटले. ओठांवर पांढरी रेघ उमटली होती, ती हळूहळू लाल झाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्या गाण्याला जेवढ्या वाजवल्या होत्या तेवढ्याच.

आमच्यापुढे दोन रांगा सोडून साहेब बसले होते. त्या जागी त्यांनी मान हलवली, ते मला दिसलं. मध्यंतरात ते मुद्दाम बाबांकडे आले.

"काका, मला अजून तबकडीवरचंच आवडतं."

"मग घरी जाऊन ऐका," बाबा म्हणाले.

साहेब खो खो हसले. बाबा हसले नाहीत, पण मला एक खुर्ची पलीकडे सरकायला लावून शेजारची त्यांना बसायला दाखवली. उरलेला कार्यक्रम दोघांनी एकत्र ऐकला आणि सबंध वेळ कुठल्या तरी ड्रमरच्या डाव्या हातावरून एकमेकांना खोटं पाडत होते.

संपल्यावर बाईंनी बाबांच्या हातात पाकीट दिलं. ठरल्याप्रमाणे पंधरा हजार होते. बाबांनी ते माझ्याकडे दिलं आणि मोजायला लावलं. मग म्हणाले, "तीन कामं होती. नाव छापलं नाही, वर बसलो नाही. एकच झालं." बाई नको नको म्हणत राहिल्या, पण दहा हजार त्यांच्या हातात परत गेले.

उरलेल्या पाच हजारांतले दोन हजार घेऊन बाबा रंगमंचामागे गेले. मी बरोबर होतो. ट्रम्पेटवाला पेटी बंद करत होता. डान्स बँडमध्ये सोलो वाजवणाऱ्याला रोजच्या पैशांवर वेगळे पैसे मिळत. त्या तबकडीच्या सोलोचे बँडमास्तरने बाबांना दिले नव्हते. हे बाबांनी त्याला तिथेच, जाता जाता सांगितलं.

"मास्तर, मॅडमने दिलेत मला."

"ते बँडचे. हे सोलोचे."

त्याने दोन हजार घेतले, कपाळाला लावले आणि खिशात ठेवले. राहिलेले तीन हजार सोमवारी मी बाबांच्या बचत खात्यात भरले.